सुरतेतील घरबाग आणि पाण्याचे नियोजन

सुरत शहरात गच्चीवर, गॅलरीत किंवा रो-हाऊसच्या पुढच्या तुकडाभर जागेत झाडे लावणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अडचणी बहुधा सारख्याच असतात. रोज पाणी घालूनही एप्रिलमध्ये रोपे का करपतात, कुंडीतील मातीवर पांढरा थर का धरतो, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना चालते का आणि सोसायटीला गच्चीवरची बाग थांबवता येते का, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. गोंधळाचे मुख्य कारण असे की पाणी वाचविण्याचा बहुतेक सल्ला राजस्थान, मराठवाडा किंवा खानदेश यांसारख्या कोरड्या, समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो आणि तो सुरतेला जसाच्या तसा लागू पडत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावलेल्या खानदेशी घरांमध्ये गावाकडच्या अनुभवावर बाग केली जाते. तो अनुभव मोलाचा असला, तरी येथे त्यात काही बदल करावे लागतात.

सुरतेचे हवामान नेमके कसे आहे

तापी जळगाव आणि भुसावळच्या परिसरातून वाहत सुरतेला येते, पण नदीच्या या दोन टोकांचे हवामान अगदी वेगळे आहे. जळगाव-भुसावळकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत जातो. सुरतेत सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि समुद्र जवळ असल्यामुळे मे महिन्यातील उष्मा दमट असतो. म्हणजे वर्षाचा हिशेब केला, तर सुरतेवर पुरेसे पाणी पडते. मात्र ते जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते आणि उरलेले आठ महिने पूर्णपणे साठवलेल्या किंवा धरणातून सोडलेल्या पाण्यावर काढावे लागतात.

यावरून घरबागेसंबंधीचा मुख्य निर्णय ठरतो. सुरतेत पाण्याची सर्वांत मोठी बचत उपकरणांनी होत नाही, तर लागवड कोणत्या महिन्यांत करावी आणि कोणत्या महिन्यांत कुंड्या मोकळ्या ठेवाव्यात हे ठरविल्याने होते. दुसरी गोष्ट क्षारांची. येथे रोपे जितकी तहानेने मरतात, तितकीच खाऱ्या पाण्याने आणि अतिपाण्याने मरतात, म्हणून पाणी कमी-जास्त करण्यापूर्वी ते कसे आहे हे पाहावे.

पाणी कोणते आहे, हे आधी तपासावे

शहराला पिण्याचे पाणी प्रामुख्याने तापीतून मिळते. उकाई धरण (१९७२) आणि त्याखालचा काकरापार बंधारा यांतून सोडलेले पाणी सिंगणपोर येथील विअर-कम-कॉजवेने अडविले जाते. हा बंधारा १९९५ पासून नदीतील गोड पाणी आणि भरतीबरोबर वर चढणारे खारे पाणी वेगळे ठेवतो. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचे पाणी शुद्ध करून नळाने येते, त्यामुळे ते झाडांना सहसा योग्य असते. बोअरचे पाणी मात्र जागेनुसार फार बदलते. डुमस, हजीरा, ओलपाड अशा किनाऱ्याकडील पट्ट्यात जमिनीखाली समुद्राचे खारेपण शिरलेले आहे आणि शहरातही एका सोसायटीचे बोअर बरे, तर शेजारच्या सोसायटीचे खारे, असे आढळते.

पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण टीडीएस या मापाने सांगतात. ते एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि त्याचे पेनाएवढे मीटर काही शे रुपयांत मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिंचनाच्या पाण्याची विभागणी साधारण पुढीलप्रमाणे करता येते:

- ४५० पेक्षा कमी: कोणत्याही झाडाला निर्धास्त वापरावे.
- ४५० ते २,०००: झाड निवडून वापरावे आणि कुंडी मधूनमधून गोड पाण्याने धुऊन काढावी. फरसबी, गाजर, कांदा ही पिके क्षारांना लवकर बळी पडतात. टोमॅटो व पालक मध्यम प्रमाणात सोसतात. बीट आणि गवार त्यांहून अधिक तग धरतात.
- २,००० पेक्षा जास्त: भाजीपाल्यासाठी वापरू नये.

या आकड्यांचे गांभीर्य एका साध्या हिशेबाने लक्षात येते. टीडीएस १,००० असलेले पाणी एका कुंडीला रोज अर्धा लिटर घातले, तर दररोज अर्धा ग्रॅम क्षार मातीत जातो आणि आठ कोरड्या महिन्यांत तो १२० ग्रॅम होतो. पाणी हवेत उडून जाते, क्षार मात्र मागे राहतो. मातीवरचा पांढरा थर आणि पानांच्या करपलेल्या कडा ही त्याचीच लक्षणे होत. ती पाहून अनेक जण खत वाढवितात. खतही क्षारच असल्यामुळे रोप आणखी लवकर जाते.

आरओ, एसी, सॉफ्टनर आणि मोरीचे पाणी

आरओचे टाकाऊ पाणी झाडांना घालावे, हा सल्ला अर्धाच खरा आहे. यंत्र शुद्ध पाण्यातून काढलेला क्षार टाकाऊ पाण्यात सोडते, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षा नेहमीच अधिक खारे असते. मूळ पाणी ३०० टीडीएसचे असेल आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जात असेल, तर टाकाऊ पाणी ४०० च्या आसपास राहते आणि ते निःशंक वापरता येते. मूळ पाणी १,२०० चे असेल, तर तेच १,६०० पर्यंत जाते. पाण्याची बचत अधिक करणाऱ्या नव्या यंत्रांत निम्मेच पाणी वाया जाते, पण त्या निम्म्यात क्षार दुपटीच्या जवळ पोहोचतो. म्हणून नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे पाणी बागेला आणि बोअरवर चालणाऱ्या यंत्राचे पाणी फरशी पुसायला व संडासात वापरावे.

वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार नगण्य असतात. सुरतेच्या दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज देते, म्हणजे रात्रभरात दहा लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते. हे पाणी पिण्यास अयोग्य, पण खाऱ्या बोअरच्या पाण्यात मिसळून त्याचा खारेपणा कमी करण्यास उत्तम. शहरात एवढे गोड पाणी गॅलरीच्या नळीतून रस्त्यावर गळत असते, ही खेदाची बाब आहे.

ज्या सोसायट्यांमध्ये जड पाणी मऊ करण्यासाठी सॉफ्टनर बसविलेला असतो, तेथे विशेष सावध राहावे. हे यंत्र पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडते. टीडीएस मीटरवर त्यात फारसा फरक दिसत नाही, पण सोडियममुळे चिकण मातीचे कण सुटे होऊन माती घट्ट बसते आणि पाणी मुरेनासे होते. बागेसाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचेच पाणी घ्यावे.

मराठी घरांत परसातल्या मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी वाढविण्याची रीत जुनी आहे. त्या काळी भांडी राखेने घासली जात आणि डोके शिकेकाईने धुतले जाई; आजच्या साबणचुऱ्यात सोडियमची संयुगे भरपूर असतात. त्यामुळे तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी कोणत्याही झाडाला घालावे, धुलाई यंत्रातील केवळ शेवटच्या खळबळीचे पाणी जास्वंद, बोगनवेल, केळी अशा झाडांना द्यावे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, टोमॅटो यांना ते अजिबात देऊ नये. असे पाणी एका दिवसाहून अधिक साठवू नये.

माती: काळी माती एकटी वापरू नये

सुरतेच्या आसपासची काळी माती शेतात पाणी चांगले धरते, पण कुंडीत तिचा हाच गुण त्रासदायक ठरतो. ती सुकली की आकसते, कुंडीची कड आणि माती यांच्यामध्ये फट पडते आणि वरून घातलेले पाणी मुळांना न भिजवता त्या फटीतून खाली निघून जाते. आपल्याला वाटते की पाणी दिले. मधला गोळा मात्र कोरडाच राहतो. त्यासाठी काळी माती एक भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग असे मिश्रण करावे. त्यात मूठभर भाताचा तूस घातल्यास हवा खेळती राहते. कोकोपीटमध्ये मुळातच मीठ असू शकते, म्हणून ते दोन-तीन वेळा गोड पाण्यात भिजवून पिळून घ्यावे.

मातीवर आच्छादन घालणे ही सर्वांत स्वस्त बचत होय. आच्छादन म्हणजे उघड्या मातीवर पसरलेला सुक्या काडीकचऱ्याचा दोन-तीन बोटे जाड थर, ज्यामुळे ऊन व वारा थेट मातीला लागत नाहीत. बारडोली, कामरेज, ओलपाड हा ऊस आणि भात पिकविणारा पट्टा शहराला लागूनच असल्यामुळे उसाचे पाचट आणि भाताचा पेंढा येथे सहज मिळतो. शहाळ्याच्या कवचांचे तुकडेही चालतात. कापड बाजारातील चिंध्या आच्छादन म्हणून मुळीच वापरू नयेत, कारण त्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात आणि उन्हाने झिजून त्यांचे प्लास्टिकचे बारीक तंतू मातीत उतरतात. त्याच चिंध्यांचा दुसरा उपयोग मात्र चांगला आहे: झाकलेल्या बाटलीतून कुंडीत पाणी खेचणारी वात करण्यासाठी न कुजणारी पॉलिएस्टरची पट्टी सुती पट्टीपेक्षा अधिक टिकते.

किती पाणी, केव्हा आणि कसे

तीस सेंटिमीटर, म्हणजे १२ इंच व्यासाच्या कुंडीचे तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर असते. ऐन उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडते असे धरल्यास या कुंडीला रोज अर्धा लिटर लागतो; रोपाचा पसारा कुंडीबाहेर गेला असेल किंवा गच्चीवर वारा फार असेल, तर त्याच्या दीडपट ते दुप्पट. हिवाळ्यात हीच गरज जवळजवळ निम्म्यावर येते, तरीही बहुतेक घरांत बाराही महिने एकच झारी आणि एकच माप चालते.

- सकाळी पाणी द्यावे. दमट हवेत संध्याकाळी पाने भिजविल्यास बुरशीला आमंत्रण मिळते.
- दुपारी पाने मलूल दिसली, तरी लगेच पाणी घालू नये; बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल असेल, तर रोप संध्याकाळी आपोआप सावरते.
- रोज वरवर शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड कुंडीच्या तळापर्यंत पाणी मुरेल असे द्यावे आणि पुन्हा वाफसा येऊ द्यावा. वाफसा म्हणजे माती ओलसर असूनही चिखल नसलेली, मुळांना पाणी व हवा दोन्ही मिळणारी स्थिती.
- पाणी खारे असल्यास ताटलीत उतरलेले पाणी टाकून द्यावे. ते पुन्हा कुंडीत शोषले गेले, तर क्षारही परत जातो.

पंधरा-वीस कुंड्यांहून मोठ्या बागेस ठिबक संच सोयीचा असतो. तासाला दोन लिटर देणारा ठिबक पंधरा मिनिटे चालविला की अर्धा लिटर पाणी मिळते. मात्र हा दर ठरावीक दाबाला असतो. दीड-दोन मीटर उंचीच्या पिंपातून येणारे पाणी त्याहून कमी पडते, म्हणून पहिल्या दिवशी एका ठिबकाखाली पेला ठेवून प्रत्यक्ष मोजावे आणि त्यानुसार वेळ ठरवावी. ठिबकाचे सरकारी अनुदान गच्चीच्या बागेला मिळते का, हा प्रश्न वारंवार येतो. गुजरातमध्ये ही योजना २००५ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनीमार्फत चालते आणि ती सातबारा असलेल्या शेतजमिनीसाठी आहे. शहरातील गच्चीला ती लागू होत नाही.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी मडक्याचे सिंचन उपयोगी आहे. चकाकी न चढविलेले लहान मातीचे मडके गळ्यापर्यंत कुंडीत पुरून पाण्याने भरले की पाणी त्याच्या छिद्रांतून मुळांच्या ओढीप्रमाणे झिरपते. खाऱ्या पाण्याने ही छिद्रे काही महिन्यांत बुजतात, आणि तोंड झाकले नाही तर डास होतात.

लागवडीचे वेळापत्रक

सुरतेच्या घरबागेचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आहे. हवा थंड, बाष्पीभवन कमी आणि जमीन पावसाने धुतलेली असते. उंधियूची सुरती पापडी, मेथी आणि हिरवा लसूण ही येथील हिवाळी पिके याच दिवसांतली आहेत, आणि कतारगामच्या पापडीचा लौकिकही हिवाळ्याशीच जोडलेला आहे. वांग्याची रोपे जुलै-ऑगस्टमध्ये तयार करून पावसाच्या अखेरीस लावावीत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरीताचे वांगे लावायचे असल्यास किमान १८ इंची पिशवी द्यावी, कारण लहान कुंडीत झाड वाढते, पण फळ भरत नाही. पापडीचे बी ऑगस्ट-सप्टेंबरात आणि मेथी व लसूण ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने पेरावे.

मार्चनंतर नवी पालेभाजी लावू नये. गवार, भेंडी किंवा चवळी यांच्या दोन-तीन मोठ्या पिशव्या, कढीपत्ता, तुळस, अडुळसा, कोरफड, मोगरा एवढ्यांवर उन्हाळा काढावा आणि त्यांना एकमेकांजवळ आणून ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली ठेवावे. ज्या वीस कुंड्यांना एप्रिलमध्ये रोज दहा ते वीस लिटर पाणी लागले असते, त्या सहा-सात केल्या की तीच गरज तिसऱ्या हिश्शावर येते. रिकाम्या कुंड्यांतील माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये चार ते सहा आठवडे कडक उन्हात बंद ठेवल्यास तिच्यातील सूत्रकृमी, बुरशी आणि तणांचे बी मोठ्या प्रमाणात मरते. अशा रीतीने बागेचा विश्रांतीचा काळही कामी येतो. जूनच्या पहिल्या जोरदार सरींत सगळ्या कुंड्या, तळाची छिद्रे मोकळी करून, उघड्यावर ठेवाव्यात. वर्षभराचा क्षार धुऊन काढण्याचा याहून चांगला उपाय नाही.

पावसाचे पाणी साठविताना

पन्नास चौरस मीटर गच्चीवर १,२०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ४८,००० लिटर पाणी मिळते. वीस कुंड्यांना आठ महिन्यांत सुमारे २,४०० लिटरच लागते. अडचण पाण्याची नसून साठवणीच्या जागेची आहे. अहमदाबाद, भरूच यांसारख्या जुन्या शहरांतील घरांखाली त्यासाठी टाकी बांधलेली असत. आजच्या सदनिकेत ते शक्य नाही. पाचशे लिटरचे झाकणबंद पिंप सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात भरून ठेवल्यास रोज दहा लिटरप्रमाणे ते पन्नास दिवस पुरते. नळाचे गोड पाणी असलेल्यांनी ते तसेच वापरावे; बोअरवर अवलंबून असलेल्यांनी मात्र हे पाणी बी रुजविण्यासाठी आणि लहान रोपांसाठी राखावे. हंगामाच्या पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते, म्हणून ते पाणी सोडून द्यावे.

दोन धोके लक्षात ठेवावेत. पहिला वजनाचा: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. भारतीय मानकानुसार वावराच्या सपाट गच्चीवरील वापराचा भार चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, तर ३० सेंटिमीटर जाडीच्या ओल्या मातीचे वजनच ५०० किलोच्या घरात जाते. म्हणून गच्चीवर सलग मातीचे वाफे करू नयेत, आणि पिंप व मोठ्या कुंड्या खांब-तुळईच्या रेषेवर, भिंतीच्या कडेने ठेवाव्यात. शंका असल्यास स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. दुसरा धोका डासांचा: डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. महानगरपालिकेची आरोग्य पथके घरोघर तपासणी करतात आणि पैदास आढळल्यास नोटीस देऊन दंडही आकारतात.

गच्ची, सोसायटी आणि आपले हक्क

स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार त्याखाली येणाऱ्या प्रकल्पातील गच्ची ही सामाईक जागा आहे, म्हणजे तिच्यावर सर्व सदनिकाधारकांचा समान हक्क असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास ती आपली म्हणून अडविता येत नाही आणि एखाद्या सदस्याने परस्पर बाग थाटली, तर सोसायटी ती काढावयास सांगू शकते. बाग सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात:

- जागेचे मोजमाप, कुंड्यांची संख्या, पाण्याचा स्रोत आणि निचऱ्याची व्यवस्था नमूद करून सोसायटीकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ठराव नोंदविला गेला, तर समिती बदलल्यावरही अडचण येत नाही.
- कुंड्या जमिनीपासून चार बोटे उंच, विटांवर किंवा स्टँडवर ठेवाव्यात आणि त्याआधी गच्चीची स्थिती दाखविणारी छायाचित्रे काढावीत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोषामुळे गळती झाल्यास विकासकाने ती स्वखर्चाने दुरुस्त करणे याच कायद्याने बंधनकारक आहे. गळतीचे खापर कुंड्यांवर फोडले जाऊ नये म्हणून ही छायाचित्रे उपयोगी पडतात.
- इमारतीच्या मंजूर आराखड्यात पर्जन्यजल मुरविण्याची विहीर दाखविलेली असल्यास ती प्रत्यक्षात आहे का आणि दरवर्षी जूनपूर्वी साफ होते का, हे सभेत विचारण्याचा प्रत्येक सदस्यास अधिकार आहे. गच्चीवरचे जास्तीचे पाणी त्याच विहिरीत गेले, तर बोअरचा खारेपणा वाढण्यास काही प्रमाणात आळा बसतो.
- बागेसाठी महापालिकेच्या नळजोडणीला थेट मोटर लावू नये. त्यामुळे शेजाऱ्यांच्या नळाचा दाब तुटतो आणि जोडणीवर कारवाई होऊ शकते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भिंतीत किंवा कठड्यात खिळे ठोकून कुंड्या टांगण्याऐवजी हलविता येतील अशा पिशव्या आणि स्टँड वापरावेत आणि बागेचा उल्लेख भाडेकरारात करून घ्यावा, म्हणजे घर सोडताना अनामत रकमेतून रंगाच्या व दुरुस्तीच्या नावाखाली कपात झाल्यास दाखविण्यास लेखी आधार राहतो.